मृत्युपत्रातून संग्रहालयाला चित्र द्यायचं तर आधी काय करावं

"माझ्या संग्रहातील सर्व चित्रे व जुन्या वस्तू पुण्यातील संग्रहालयास द्याव्यात." ही ओळ कितीतरी मृत्युपत्रांत असते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरीही ओळ अमलात येत नाही. कोणतं संग्रहालय? 'सर्व चित्रे' म्हणजे दिवाणखान्यातलं जलरंगातलं चित्र धरायचं, की कपाटावरची छापील कॅलेंडरंसुद्धा? टेम्पोचा खर्च कुणी करायचा? आणि संग्रहालय नको म्हणालं तर ती वस्तू कुणाची?

हा शेवटचा प्रश्न बहुतेकांच्या मनातच येत नाही. मृत्युपत्रात नाव लिहिलं म्हणून संग्रहालयावर वस्तू घेण्याचं बंधन येत नाही. ते सरळ नकार देऊ शकतं, आणि पुष्कळदा देतं. त्यात उद्धटपणा नसतो. त्यांच्या कोठारात जागा नसते, किंवा तशीच वस्तू आधीपासून असते, किंवा त्या वस्तूची कागदपत्रं नसतात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी संग्रहालयाकडे जावं.

आधी संग्रहालय निवडावं लागतं, आणि ते वस्तू बघून निवडावं. दिनकर केलकरांनी आपला मुलगा राजा याच्या नावाने उभ्या केलेल्या संग्रहालयाचा जीव घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तूंमध्ये आहे: अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, कुंकवाचे करंडे. तुमच्याकडे पणजीचा नक्षीदार अडकित्ता असेल तर त्याला तिथे सोबत आहे. मोडी कागदांचा गठ्ठा असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळाचं दार आधी वाजवावं. १९१० साली वि. का. राजवाड्यांनी सरदार मेहेंदळ्यांच्या साथीने सुरू केलेली ही संस्था कागद वाचणाऱ्यांची आहे. तिथे तुमचा गठ्ठा कुणीतरी उलगडेल. तेच कागद चित्रांच्या संग्रहालयात गेले तर पेटीतच राहतील. विसाव्या शतकातल्या पुण्याच्या चित्रकाराचं चित्र असेल तर दोन-तीन ठिकाणी विचारायला लाज बाळगू नये.

विचारायचं ते लेखी. संचालकांच्या किंवा अभिरक्षकांच्या (क्युरेटरच्या) नावाने एक पान पुरतं: वस्तू काय, माप काय, घरात कशी आली, आत्ता कोणत्या स्थितीत आहे, सोबत तीन-चार फोटो. पत्रात "देणार आहे" असं न लिहिता "मृत्युपत्रातून द्यावी असा विचार आहे, संस्था स्वीकारेल का" असं विचारावं. उत्तर लेखीच घ्यावं. तोंडी होकार देणारे अभिरक्षक पाच वर्षांत निवृत्त होतात, आणि नव्या माणसाला त्या होकाराची काहीच कल्पना नसते.

त्याच भेटीत संस्थेचं अधिकृत नाव विचारून घ्यावं. दारावरच्या पाटीवर असतं ते नाव नोंदणीतलं असेलच असं नाही. संग्रहालय ही बहुधा कायद्याने वेगळी व्यक्ती नसते. त्याच्या मागे एखादा सार्वजनिक न्यास (ट्रस्ट), महापालिका, विद्यापीठ किंवा शासनाचं खातं असतं, आणि देणगी त्या मालकाच्या नावाने लिहावी लागते. न्यास असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा नोंदणी क्रमांक घ्यावा आणि तो मृत्युपत्रात नावापुढेच लिहावा. नाव पुढे बदललं तरी क्रमांकावरून संस्था सापडते.

आता यादी. माझ्या मते सगळ्या कामात ही यादी मृत्युपत्राइतकीच मोलाची आहे, आणि ती मालकाने स्वतः करायला हवी, कारण वस्तूबद्दलची अर्धी माहिती त्याच्या डोक्यातच असते. चित्र भिंतीवरून उतरवा, टेबलावर मऊ चादर अंथरून पालथं ठेवा आणि पाठीमागचं आधी वाचा. फ्रेमवाल्याचं लेबल, एखाद्या प्रदर्शनाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, कुणाची तरी सही. हे सगळं त्या चित्राच्या जन्माचे दाखले आहेत. फ्रेम बदलताना दुकानदार जुना पुठ्ठा फेकून देतो आणि त्याबरोबर हे दाखलेही जातात. फ्रेम बदलायची वेळ आलीच तर आधी पाठीचा फोटो काढा आणि जुनं लेबल पाकिटात जपून ठेवा.

माप फ्रेमशिवाय, सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. नोंद साधारण अशी दिसावी: "क्रमांक ३. जलरंग, कागदावर. ३६ × ५४ सेंमी. नदीकाठचा घाट, उजवीकडे खाली सही. फ्रेमच्या मागे दुकानाचं लेबल. वरच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी डाग, कागद किंचित लहरी. १९६८ मध्ये चित्रकाराकडून थेट विकत घेतले, पावती पाकीट क्र. ३ मध्ये." पावती नसेल तर कुणाकडून, साधारण कोणत्या वर्षी आलं, हे माहीत असेल तेवढंच लिहावं. ऐकीव गोष्ट असेल तर 'घरात असे सांगत' असं स्पष्ट लिहावं. प्रसिद्ध चित्रकाराचं नाव अंदाजाने टाकू नये. एक खोटी नोंद निघाली की बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

क्रमांक चित्रावर किंवा कॅनव्हासच्या पाठीवर लिहू नका. फ्रेमच्या लाकडाला मागून सुती नाडीने चिठ्ठी बांधा. भांडं, समई, मूर्ती यांनाही नाडीच. चिकटपट्टी लावली तर काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून तिथेच बसतो. प्रत्येक वस्तूचे चार फोटो काढा: समोरून, मागून, सहीचा किंवा नक्षीचा जवळून, आणि जिथे खराबी आहे त्या भागाचा. शेजारी मोजपट्टी ठेवा.

वस्तू संग्रहालयात जाईपर्यंत घरात धड राहायला हवी, आणि पुण्यात तिचा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत आक्रसलेला कागद जुलैत ओल पिऊन फुगतो आणि दरवर्षी हे चालू राहिलं की लाटा उठतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. पावसाकडच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगलं की भिंतीची ओल थेट पाठीत शिरते. ते आतल्या भिंतीवर न्यावं, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत म्हणजे हवा खेळते. काच चित्राला टेकलेली नको, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा. मागे प्लायवुड नको, आम्लरहित पुठ्ठा हवा. प्लायवुडमधून येणाऱ्या आम्लाने कागद तपकिरी पडतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं तर आत अडकलेल्या ओलीने पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते. गुंडाळायचंच तर धुतलेलं, खळ काढलेलं मांजरपाट वापरावं. कसर आणि वाळवी यांच्यासाठी दर दोन महिन्यांनी मागची बाजू बघण्याखेरीज दुसरा भरवशाचा उपाय नाही.

संग्रहालयात जलरंग, छायाचित्रं आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, तैलचित्रांवर २०० पर्यंत. घरातल्या खिडकीसमोर दिवसा हजारो लक्स असतात. जलरंग खिडकीसमोर असेल तर मृत्युपत्र राहू द्या, आधी ते हलवा.

आणि दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. जुनी समई देण्याआधी चिंच-मीठ लावून चकचकीत करू नका. धातूवरची ती काळसर तांबूस छटा हा तिच्या वयाचा भाग आहे, घासताना बारीक नक्षीही झिजते. आणि जुने कागद, छायाचित्रं लॅमिनेट करू नका. प्लास्टिक उष्णतेने चिकटवलं की ते कागदाला इजा न करता काढता येत नाही. वरवरची धूळ मऊ ब्रशने झटकावी, तेवढंच. बाकी काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं शास्त्र शिकलेल्या माणसाचं.

यादी करताना काही वस्तू वेगळ्या काढाव्या लागतील. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकृती ही पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. त्यातल्या काही वर्गांची, म्हणजे दगडाच्या, धातूच्या, लाकडाच्या मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या अशांची, पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद हवी, आणि मालकी बदलली की तेही कळवावं लागतं. हे नोंदणीचं काम हयातीत उरकावं. वारसाला ती मूर्ती कुठून आली हे सांगता येत नाही. हस्तिदंताची वस्तू असेल तर वन खात्याचं मालकी प्रमाणपत्र बघावं. ते नसेल तर जबाबदार संग्रहालय हात लावणार नाही. मुलं परदेशात आहेत म्हणून 'तोपर्यंत तिकडे नेऊन ठेवतो' असा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्यावा, कारण खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

आता पैसे. वस्तू दिली म्हणजे देणगी पूर्ण झाली, हा मोठाच गैरसमज आहे. आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, नवा माउंट, संवर्धकाचं काम, वर्षानुवर्षं जागा आणि वीज हा सगळा भार त्या संस्थेवर पडतो. म्हणून वस्तूबरोबर तिच्या देखभालीचा निधीही द्यावा. किती, हे संग्रहालयालाच विचारावं. ते अंदाज देतात, आणि निधी सोबत आहे म्हटल्यावर 'जागा नाही' हा नकारही कधी कधी मवाळ होतो.

पण मृत्युपत्रात ठरावीक रक्कम लिहिण्यात एक अडचण आहे. आज लिहिलेले १ लाख रुपये २० वर्षांनी मिळाले आणि महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर त्यांची किंमत आजच्या जेमतेम ३१ हजारांएवढी असेल. उलट आयुष्याच्या शेवटी आजारपणात पैसा संपला तर ठरावीक रकमेने घरच्यांच्या वाट्याला काहीच उरणार नाही, कारण कर्ज, रुग्णालयाची बिलं आणि कर हे सगळ्यांच्या आधी फेडावे लागतात. टक्केवारी दोन्हीकडून सांभाळते: "देणी व वरील देणग्या भागवून उरलेल्या मालमत्तेच्या ५ टक्के." हा पैसा मूळ निधीत जावा (म्हणजे तो राखून फक्त व्याज खर्च व्हावं), की रोजच्या खर्चाला चालेल, तेही स्पष्ट लिहावं. मूळ निधीसाठी दात्याची तशी लेखी सूचना लागते.

फ्लॅट द्यायचा असेल तर शक्यतो फ्लॅट म्हणून देऊ नका. न्यासाच्या नावावर एकदा स्थावर मालमत्ता चढली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तोवर सोसायटीचं मेंटेनन्स आणि मिळकतकर संग्रहालय भरत बसतं. त्यापेक्षा "व्यवस्थापकाने फ्लॅट विकून, खर्च व कर वजा जाता उरलेली रक्कम द्यावी" असं लिहावं. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी तुम्ही त्यात नेमलेला माणूस (एक्झिक्युटर). फ्लॅटला किंवा बँक खात्याला नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असंही समजू नये. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी हा मालक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तरीही नॉमिनी आणि मृत्युपत्र यांची नावं जुळवून घेतली की व्यवस्थापकाची वणवण वाचते.

वरची यादी परिशिष्ट 'अ' म्हणून जोडावी, आणि मृत्युपत्रातलं कलम साधारण असं असावं:

"परिशिष्ट 'अ' मधील क्र. १ ते ७ च्या वस्तू, माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीच्या असतील त्या, मी (न्यासाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता) या संस्थेस देत आहे. वस्तू पोहोचवण्याचा व विम्याचा खर्च माझ्या मालमत्तेतून करावा. सदर संस्थेने सहा महिन्यांत लेखी स्वीकार न कळवल्यास, किंवा ती अस्तित्वात नसल्यास, या वस्तू (दुसऱ्या संस्थेचे नाव) यांस द्याव्यात. त्यांनीही नाकारल्यास माझ्या व्यवस्थापकाने त्या माझ्या मुलीस द्याव्यात. वस्तू एकत्र राहाव्यात व अभ्यासकांना पाहता याव्यात अशी माझी इच्छा आहे. ही इच्छा देणगीची अट नाही."

शेवटची दोन वाक्यं नीट बघा. 'कायम प्रदर्शनात ठेवावे', 'स्वतंत्र दालन द्यावे', 'कधीही हलवू नये' अशा अटींमुळे चांगल्या देणग्या परत जातात. केलकर संग्रहालयात २० हजारांहून जास्त वस्तू आहेत, आणि एका वेळी त्यातल्या थोड्याच मांडता येतात. शिवाय जलरंग कायम मांडून ठेवणं म्हणजे त्याचा रंग उडवणं. अट मोडली म्हणून वारस पुढे कोर्टात जाऊ शकतात, हे संस्थेच्या वकिलाला ठाऊक असतं, त्यामुळे तो नको म्हणतो. 'यांच्या स्मरणार्थ' एवढी नावाची चिठ्ठी मागायला हरकत नाही, ती बहुतेक ठिकाणी मान्य होते.

'मालकीच्या असतील त्या' हे शब्दही मुद्दाम आहेत. यादीतलं एखादं चित्र हयातीत विकलं, तर त्यापुरती देणगी आपोआप रद्द होते, त्याबदली पैसे मागता येत नाहीत. अशा वेळी पूरक मृत्युपत्र करून परिशिष्ट बदलावं. जुन्या पानावर पेनाने खाडाखोड करू नये. तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या नसतात, म्हणून ती टिकत नाही.

चित्रकाराने स्वतःची चित्रं द्यायची असतील तर स्वामित्वहक्काचं वाक्य विसरू नये. अप्रकाशित चित्र मृत्युपत्राने दिलं आणि वेगळं काही लिहिलं नसेल, तर कायद्याने त्याचा स्वामित्वहक्कही चित्राबरोबर जातो. तो मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. छपाईचे हक्क मुलांकडे ठेवायचे असतील तर तसं शब्दांत यायला हवं.

मृत्युपत्र करण्याची रीत सोपी आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कागद चालतो. तुमची सही आणि दोन साक्षीदार, आणि ती सही त्यांच्यादेखत. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान, पुण्यात राहणारे, आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. संग्रहालयाचा विश्वस्त किंवा कर्मचारी नकोच. पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात सांगावं लागतं, म्हणून ऐंशीच्या घरातला मित्र कितीही जवळचा असला तरी साक्षीला घेऊ नये. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. नोंदणी सक्तीची नाही, पण हवेलीच्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात ती नाममात्र शुल्कात होते आणि घरच्यांचा संशय बराच कमी करते. नोंदणी केली तरी मृत्युपत्र पुढे कधीही बदलता येतं. पुण्यातल्या मालमत्तेला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडायलाच घरच्यांना कागदपत्रं लागतात, आणि ती कुणी मागायची हे त्या आतल्या कागदातच लिहिलेलं असतं. मूळ प्रत व्यवस्थापकाकडे द्यावी. संग्रहालयाला त्या एका कलमाची आणि परिशिष्टाची प्रत पुरते.

सगळं देता येतं असंही नाही. हिंदूंना स्वतः कमावलेलं आणि एकत्र मालमत्तेतला आपला हिस्सा देता येतो. भावांच्या सामाईक वाड्यातली चित्रं एकट्याने देऊन टाकता येत नाहीत. मुस्लिम दात्याला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. ख्रिस्ती दात्यांवर धर्मादाय देणगीबाबत असलेलं जुनं बंधन सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. दाता परदेशी नागरिक झाला असेल, मग ओसीआय कार्ड का असेना, तर संस्थेकडे परकीय देणगीची नोंदणी आहे का हे आधी विचारावं.

करसवलतीसाठी हे करत असाल तर फायदा नाही. मृत्यूकर भारतात १९८५ पासून नाही, त्यामुळे वाचवायला काही उरलेलं नाही. देणगीवरची वजावट वस्तूला मिळत नाही, पैशाला मिळते, आणि तीही हयातीत दिलेल्या. त्यामुळे देखभालीचा निधी हयातीतच चेकने द्यावा आणि वस्तू मृत्युपत्रातून, ही विभागणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

त्याहून पुढे जाऊन, भिंतीवरून उतरवताना मन तयार असेल तर वस्तूही हयातीतच द्यावी. केलकरांनी आपला संग्रह हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या हाती दिला आणि ते १९९० पर्यंत होते. कोणती वस्तू कुठून आली हे सांगणारा माणूस पुढची कित्येक वर्षं समोर होता. मृत्युपत्राला हे जमत नाही.

मुलांना हे सगळं आधी सांगावं, यादी समोर ठेवून. त्यांना कुठल्या दोन वस्तू हव्यात ते विचारावं आणि त्या परिशिष्टातून काढाव्यात. बाकीच्यांचे चांगले छापील फोटो त्यांना द्यावेत. वाद बहुधा किमतीवरून होत नाहीत, 'आम्हाला विचारलंही नाही' यावरून होतात.

व्यवस्थापकासाठी एक वेगळं पान लिहून ठेवा, कारण खरी पडझड मृत्यूनंतरच्या तीन महिन्यांत होते. घर बंद होतं, जुलै येतो, खिडक्या लावलेल्या, आणि दसऱ्याला दार उघडतं तेव्हा चित्रांवर पांढरी बुरशी. म्हणून त्या पानावर लिहा: पहिल्या आठवड्यात परिशिष्टाप्रमाणे वस्तू मोजाव्यात, फोटो काढावेत. घर बंद राहणार असेल तर चित्रं लगेच हवेशीर, राहत्या घरी न्यावीत. पंधरा दिवसांत मृत्यूचा दाखला जोडून संग्रहालयाला पत्र द्यावं, पोच घ्यावी. नेताना चित्रं आडवी रचू नयेत, उभी, समोरासमोर, मध्ये पुठ्ठा घालून. काचेवर चिकटपट्टीची फुली, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. वस्तू देताना दोघांनी मिळून स्थितीची नोंद करावी, दोघांच्या सह्या. आणि नुसत्या पावतीवर थांबू नये. संग्रहालयाच्या नोंदवहीत वस्तू चढली की तिला कायमचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक लेखी मागून घ्यावा, परिशिष्टातल्या त्या ओळीपुढे लिहावा, आणि मगच ती ओळ बंद करावी.